औषधांचा खर्च झेपत नसेल, तर नागपुरात मदत कुठे आणि कशी मागायची

घरात मोठं दुखणं निघालं की सगळे ऑपरेशनच्या खर्चाचं विचारतात. दर महिन्याच्या गोळ्यांचं कोणी विचारत नाही. ऑपरेशन एकदा होऊन जातं, गोळ्या मात्र वर्षानुवर्षं चालतात आणि घर पोखरतात. सासऱ्यांच्या आजारपणात मी आणि माझ्या नणंदेनं मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय), तहसील, कलेक्टर ऑफिस असं सगळं पालथं घातलं. त्यातून जे कळलं ते एका जागी लिहून ठेवते.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. यातली जवळपास कोणतीही योजना तुमच्या हातात पैसे ठेवत नाही. एक तर पैसा थेट रुग्णालयाच्या खात्यात जातो, नाहीतर औषधच फुकट किंवा स्वस्तात मिळतं. दुकानातून औषध घेऊन झालं, बिल फाईलला लावलं आणि मग ‘हे परत मिळेल का’ म्हणून विचारायला गेलात, तर उत्तर नाही असंच येतं. म्हणून आधी अर्ज आणि मग खर्च, हा क्रम जमेल तितका सांभाळा.

१. तुमचं औषध कोणत्या प्रकारात बसतं ते ठरवा

भरती असताना लागणारं औषध, दिवसापुरतं भरती होऊन घ्यायचं इंजेक्शन (केमो, डायलिसिस वगैरे) आणि घरी घ्यायच्या रोजच्या गोळ्या, हे तीन वेगळे प्रकार आहेत. पहिल्या दोन प्रकारांना योजना भरपूर आहेत. तिसऱ्यासाठी अर्ज करण्यासारखं फार थोडं आहे, तिथे मुख्यतः किंमत खाली आणावी लागते. बीपी-शुगरच्या गोळ्यांसाठी मुख्यमंत्री निधीचा फॉर्म भरायला निघालेले लोक मी पाहिले आहेत. त्यात त्यांचा नुसता वेळ जातो.

काही आजारांचं औषध सरकार तसंही फुकट देतं, तिथे कुठलाच निधी शोधू नका. टीबीचा पूर्ण कोर्स फुकट आहे, शिवाय उपचार सुरू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेत महिन्याला १,००० रुपये बँकेत जमा होतात. एचआयव्हीची औषधं मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांच्या एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रात मिळतात. सिकलसेल तर आपल्या विदर्भाचंच दुखणं. त्याची हायड्रॉक्सियुरिया ही गोळी सरकारी दवाखान्यात मिळते, ती दुकानातून घेत बसू नका. सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे तिन्ही २०१६ च्या कायद्याप्रमाणे दिव्यांगत्वाच्या यादीत आहेत, तेव्हा यूडीआयडी कार्डासाठीही (दिव्यांगांचं ओळखपत्र) अर्ज करून ठेवा.

घरात कोणी नोकरीला असेल आणि पगार महिना २१,००० रुपयांच्या आत असेल, तर पगारपत्रकात ईएसआयची (कामगार विमा योजनेची) कपात दिसते का बघा. कपात होत असेल तर कुटुंबाची बाह्यरुग्ण औषधंसुद्धा त्यात येतात. नागपुरात ईएसआयचं रुग्णालय सोमवारीपेठेत आहे. कितीतरी जणांचे पैसे दर महिन्याला कापले जातात आणि कार्ड कपाटात पडून असतं.

२. चिठ्ठी नीट लिहून घ्या, किंमत आधी खाली आणा

डॉक्टरांना सरळ म्हणा, ‘साहेब, औषधाचं मूळ नाव मोठ्या अक्षरांत लिहून द्या.’ यात मागायला लाजण्यासारखं काही नाही. जेनेरिक नाव वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं, असा डॉक्टरांच्या आचारसंहितेत २०१६ पासून नियमच आहे. मूळ नाव हातात असलं की पुढची दारं उघडतात:

पहिलं दार जनऔषधी केंद्राचं. ब्रँडेडपेक्षा ५० ते ९० टक्के स्वस्त. अर्ज नाही, उत्पन्नाची अट नाही, पिवळं कार्ड नाही. ‘जनऔषधी सुगम’ नावाच्या मोबाईल ॲपवर औषध शोधता येतं आणि जवळचं केंद्रही दिसतं. फोन करायचा तर १८०० १८० ८०८०. निघण्याआधी केंद्रात फोन करून माल आहे का विचारा, नाहीतर धरमपेठेतून हुडकेश्वरपर्यंत जाल आणि ‘पुढच्या आठवड्यात येईल जी’ ऐकून परत याल.

दुसरं दार अमृत फार्मसीचं, म्हणजे सरकारी स्वस्त औषधांच्या दुकानांचं. कॅन्सर, हृदयरोगाची महागडी औषधं आणि स्टेंटसारख्या वस्तू इथे छापील किमतीपेक्षा बऱ्याच कमी दरात मिळतात. मिहानच्या एम्ससारख्या केंद्रीय रुग्णालयांत या फार्मसीची चौकशी करा.

तिसरं म्हणजे घासाघीस. कॅन्सरच्या औषधांवर छापलेली किंमत आणि विकायची किंमत यांत मोठी फट असू शकते. गांधीबागेकडच्या दवा बाजारात आणि रुग्णालयाच्या आतल्या दुकानात एकाच इंजेक्शनचा भाव विचारून बघा. सरकारनं ज्यांच्या किमती बांधून दिल्या आहेत ती औषधं ‘फार्मा सही दाम’ या सरकारी ॲपवर तपासता येतात.

एक सावधगिरी. फिट्स, थायरॉईड, रक्त पातळ करणारी औषधं आणि किडनी बसवल्यानंतरच्या गोळ्या, यांत ब्रँड स्वतःच्या मनानं बदलायचा नाही. दुकानदार ‘एकच आहे’ म्हणाला तरी नाही. डॉक्टरांना विचारा, ते हो म्हणाले तर बदला आणि पुढची रक्त तपासणी कधी करायची तेही विचारून घ्या.

३. कागदांची फाईल

फाईल एकदाच नीट बांधा. प्रत्येक कागदाच्या तीन-चार झेरॉक्स, मूळ कागद वेगळ्या पाकिटात, आणि सगळ्याचे फोटो मोबाईलमध्ये. लागतं ते असं:

- रुग्णाचं आधार (नवजात बाळ असेल तर आईचं)
- रेशन कार्ड, त्यात रुग्णाचं नाव असलेलं
- तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला
- आजाराचे रिपोर्ट, बायोप्सी असेल तर तीही
- डॉक्टरांची सही-शिक्का असलेलं खर्चाचं अंदाजपत्रक
- सगळ्या चिठ्ठ्या आणि पक्की बिलं
- आधारला जोडलेला, चालू असलेला मोबाईल नंबर

शेवटचं हास्यास्पद वाटेल, पण अर्धी कामं इथेच अडतात. ओटीपी जुन्या नंबरवर जातो आणि तो नंबर कधीचा बंद असतो. आजोबा-आजीचं आधार असेल तर सगळ्यात आधी नंबर अपडेट करा.

आता उत्पन्नाच्या दाखल्याबद्दल, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. तो ‘आपले सरकार’ पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून काढता येतो. सोबत पगाराची स्लिप, फॉर्म १६ किंवा तलाठ्याचा अहवाल, पत्त्याचा पुरावा आणि स्वयंघोषणापत्र लागतं. सेवा हमीप्रमाणे मुदत साधारण १५ दिवसांची आहे, पण जून-जुलैत कॉलेजच्या प्रवेशांची गर्दी असते, तेव्हा ढकलगाडी चालते. रुग्ण भरती असेल तर अर्जासोबत भरतीचा कागद जोडा आणि नायब तहसीलदारांना प्रत्यक्ष भेटून दाखवा. आम्हाला त्यानं फरक पडला. प्रतिज्ञापत्रासाठी कोणी ५०० रुपयांचा स्टॅम्प पेपर आणायला सांगितलं, तर या दाखल्यांसाठी २०२५ मध्ये ते माफ झालंय हे सांगा.

दाखल्यावरचा आकडा खरा टाका, पण कुठल्या योजनेची मर्यादा किती हे आधी जाणून ठेवा. मुख्यमंत्री सहाय्यता निधीला वर्षाला १ लाख ६० हजार. धर्मादाय (ट्रस्टच्या) रुग्णालयात पूर्ण मोफतसाठी १ लाख ८० हजार, अर्ध्या सवलतीसाठी ३ लाख ६० हजार. केंद्रीय आरोग्यमंत्र्यांच्या विवेकाधीन अनुदानाला १ लाख २५ हजार. म्हणजे एका दारात नापास झालेला दाखला दुसऱ्या दारात चालतो. एकाच नकाराला घाबरून फाईल बंद करू नका.

४. मेडिकल, मेयो, डागा: कुठे काय फुकट

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसकट उपचार फुकट आहेत. नागपूरकरांची इथेच फसगत होते. मेडिकल, मेयो आणि सुपर स्पेशालिटी ही वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालयं आहेत, हा निर्णय त्यांना लागू नाही. डागा रुग्णालय, ग्रामीण रुग्णालयं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं आरोग्य विभागाची आहेत. म्हणून कामठी-हिंगण्याकडच्या माणसानं रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांसाठी मेडिकलच्या रांगेत उभं राहू नये. गावाजवळच्या केंद्रात त्या मिळतात.

मेडिकल-मेयोमध्ये औषध साठ्यात नसलं की चिठ्ठीवर बाहेरून आणायचं औषध येतं. ती चिठ्ठी घेऊन थेट समोरच्या दुकानात जाऊ नका. आधी समाजसेवा अधीक्षकांकडे जा. मोठ्या सरकारी रुग्णालयात हे पद असतं आणि गरीब रुग्णाला औषध मिळवून देणं हे त्यांच्या कामाचाच भाग आहे. दाते, संस्था, रुग्णालयाचा स्वतःचा निधी, सगळ्यांची माहिती त्यांच्याकडे असते. त्यांच्या टेबलाशी सकाळी लवकर जा, दुपारी ते वॉर्डात असतात. आणि रडगाणं न लावता थेट सांगा: आजार कोणता, औषध कोणतं, किती दिवस, किती रुपये, घरात कमावणारं कोण. आम्ही गेलो तेव्हा मॅडमनी रेशन कार्ड उलटून मागचं पान पाहिलं, नावं मोजली आणि मग पेन उचललं.

५. जनआरोग्य योजना आणि आयुष्मान कार्ड

महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत आता एकत्र चालतात. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि आता पिवळं-केशरीच नाही, पांढरं रेशन कार्डही चालतं. ७० वर्षांवरच्या माणसाला उत्पन्न न पाहता वय वंदना कार्ड, म्हणजे ज्येष्ठांचं आयुष्मान कार्ड मिळतं.

औषधांच्या बाजूनं या योजनेत तीन गोष्टी बघायच्या. भरती असताना औषधं पॅकेजमध्येच आहेत, ती वेगळी विकत आणायला सांगणं नियमाला धरून नाही. सुटी झाल्यावरही काही दिवसांची औषधं द्यावी लागतात. आयुष्मानमध्ये ही मुदत १५ दिवसांपर्यंत आहे. डिस्चार्जच्या दिवशी ती मागून घ्या, कोणी आपणहून हातात देईलच असं नाही. तिसरी गोष्ट, केमोच्या पॅकेजमध्ये इंजेक्शनंच नाही, तर इमॅटिनिब, टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल यांसारख्या गोळ्याही येतात. तुमची गोळी त्यात बसते का, हे डॉक्टर आणि आरोग्यमित्र (रुग्णालयातला योजनेचा माणूस) दोघांनाही विचारा. एकट्या डॉक्टरांना विचारलं तर ‘आरोग्यमित्राला विचारा’ म्हणतात, आणि उलटही तसंच.

आरोग्यमित्र रुग्णालयाच्या काउंटरवर बसतो. तो एक पैसाही घेत नाही. केमोच्या प्रत्येक सायकलला मंजुरी लागते, म्हणून तारखेच्या आदल्या दिवशीच कागद त्याच्याकडे पोचवा. हेल्पलाईन १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००, आयुष्मानसाठी १४५५५. रुग्णालयात ‘ही योजना आमच्याकडे नाही’ असं तोंडी सांगितलं, तर तिथेच उभं राहून फोन लावा. उत्तराचा सूर बदलतो.

६. मुख्यमंत्री सहाय्यता निधी

उपचार जनआरोग्य योजनेत बसत नसेल, तेव्हाच इकडे वळा. दोन्हीकडून एकाच वेळी मिळत नाही. कॅन्सरची केमो आणि रेडिएशन, डायलिसिस, हृदयरोग, मेंदूचे आजार, अवयव प्रत्यारोपण, भाजणं, अपघात, नवजात बाळाचे आजार, असे गंभीर आजार या निधीच्या यादीत आहेत.

आता यासाठी मुंबईला मंत्रालयात जायची गरज नाही. २०२५ च्या महाराष्ट्र दिनापासून प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयात या निधीचा कक्ष सुरू झाला आहे. आपलं कलेक्टर ऑफिस सिव्हिल लाईन्समध्ये. मेट्रोनं कस्तुरचंद पार्कला उतरलं की जवळ. मदतीचा नंबर १८०० १२३ २२११.

फाईलमधल्या कागदांशिवाय इथे आणखी लागतं ते:

- रुग्ण बेडवर असतानाचा जिओ टॅग फोटो
- खाजगी रुग्णालयाच्या अंदाजपत्रकावर जिल्हा शल्यचिकित्सकांचं प्रमाणन
- अपघात असेल तर एफआयआर
- प्रत्यारोपण असेल तर झेडटीसीसी या अवयवदान समन्वय केंद्राची नोंदणी पावती

जिओ टॅग फोटो म्हणजे ज्यावर जागा, तारीख आणि वेळ उमटलेली असते तो. फोनमध्ये असं कॅमेरा ॲप टाका, लोकेशन चालू करा आणि मगच काढा. रुग्णाचा चेहरा आणि बेड दोन्ही दिसले पाहिजेत. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला फोटो पुसट होतो आणि खालची अक्षरं वाचता येत नाहीत, म्हणून मूळ फाईलच द्या.

दोन अडचणी हमखास येतात. रुग्णालय या निधीच्या यादीत नोंदलेलं नसतं, आणि हे भरतीनंतर कळतं. म्हणून भरतीआधी, निदान त्याच दिवशी, बिलिंगच्या काउंटरवर ‘सीएम फंडाला नोंदणी आहे का’ एवढं विचारा. दुसरी, डिस्चार्ज. रुग्ण घरी गेल्यावर, बिल भरून झाल्यावर पैसे परत मिळत नाहीत. अर्ज भरतीतच गेला पाहिजे. आणि मंजूर रक्कम अंदाजपत्रकाएवढी असेल हे गृहीत धरू नका. तो आधार आहे, पूर्ण बिल नाही.

रुग्णालयाच्या आवारात ‘फंड करून देतो, टक्केवारी द्या’ म्हणणारे भेटतील. अर्जाला एक रुपयाही फी नाही. असा माणूस आमच्याही शेजारच्या बेडपाशी येऊन गेला, गळ्यात ओळखपत्राची दोरी वगैरे लटकवून.

७. धर्मादाय रुग्णालय: लोक विचारत नाहीत म्हणून मिळत नाही

मोठ्या खाजगी वाटणाऱ्या कित्येक रुग्णालयांची नोंद ट्रस्ट म्हणून आहे. मुंबई उच्च न्यायालयानं मंजूर केलेल्या २००६ च्या योजनेप्रमाणे त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी काढावी लागते, आणि औषधांचा खर्च याच निधीतून जातो.

बारकावा असा आहे की औषधं, इम्प्लांट वगैरेंचं बिल छापील किमतीनं नाही, रुग्णालयाच्या खरेदी किमतीनं लावायचं असतं. दुर्बल घटकाच्या रुग्णाला औषधांच्या बिलाचा निदान अर्धा भाग भरावा लागतो. निर्धनाला काही नाही. म्हणून अंतिम बिलात औषधांचा तपशील वेगळा मागा आणि दर कोणता लावलाय ते विचारा. मला वाटतं, या सगळ्या यादीत सगळ्यात कमी वापरलं जाणारं आणि सगळ्यात कामाचं दार हेच आहे.

भरती होतानाच रुग्णालयाच्या समाजसेवकाकडे दाखला आणि रेशन कार्ड द्या. खाटा भरल्या असं म्हणाले तर किती खाटा, किती भरल्या हे लेखी मागा. ऐकलंच नाही, तर तक्रारीसाठी सिव्हिल लाईन्समधलं धर्मादाय सहआयुक्त कार्यालय आहे. तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी अडवता येत नाही, हेही याच योजनेत आहे.

८. कंपन्यांचे कार्यक्रम आणि ट्रस्ट

महागड्या कॅन्सरच्या गोळ्यांसाठी काही औषध कंपन्या रुग्ण सहाय्य कार्यक्रम चालवतात. इतके डबे विकत घ्या, पुढचे फुकट, असा बहुतेकांचा हिशोब असतो. तुम्ही थेट अर्ज करू शकत नाही. डॉक्टर नाव नोंदवतात. म्हणून पहिला डबा घ्यायच्या आधी विचारा, ‘डॉक्टर, या ब्रँडला काही प्रोग्रॅम आहे का?’ नोंदणीआधीचे डबे सहसा मोजत नाहीत.

यासाठी रिकामे डबे, स्ट्रिपा आणि बिलं जपून ठेवा. बिलावरचा बॅच नंबर डब्यावरच्या नंबराशी जुळला पाहिजे. दुकानदाराकडून सुट्या गोळ्या कापून घेऊ नका. बॅच आणि तारीख छापलेला कोपरा बहुधा त्याच्याच ड्रॉवरमध्ये राहतो, आणि मग पुरावा उरत नाही.

ट्रस्टमध्ये सिद्धिविनायक मंदिर न्यास आणि टाटा ट्रस्ट वैद्यकीय मदत करतात. कागद साधारण तेच, मदत रुग्णालयाच्या नावानं. उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून मुख्यमंत्री निधीच्या अर्जासोबतच हेही पाठवून द्या. एकीकडून मिळाली तर दुसरीकडे तसं कळवा, लपवू नका.

घरखर्चासाठी रोख मदतीचा एक रस्ता राहतो: संजय गांधी निराधार अनुदान योजना. कॅन्सर, टीबी, एड्स, कुष्ठरोग अशा आजारांच्या निराधार रुग्णांना महिन्याला १,५०० रुपये थेट खात्यात मिळतात. पण कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अवघी २१,००० आहे, त्यामुळे थोडेच त्यात बसतात. बसत असाल तर तहसील कार्यालयात अर्ज करा.

९. ‘नाही’ म्हणाले तर

तोंडी नकार घेऊन परत येऊ नका. अर्जाची पोच घ्या, ऑनलाईन असेल तर अर्ज क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा. नकार आला तर कारण लेखी मागा. बहुतेक वेळा कारण फालतू असतं: आधारवर ‘शंकरराव’ आणि रेशन कार्डावर ‘शंकर’, दाखल्यावर मागचं आर्थिक वर्ष, अंदाजपत्रकावर शिक्का आहे पण सही नाही. दुरुस्त करून तोच अर्ज पुन्हा टाकता येतो. जनआरोग्य योजनेची तक्रार जिल्हा समन्वयकांकडे, बाकी सरकारी कामाची ‘आपले सरकार’च्या तक्रार निवारणात.

घरातल्या एकाच माणसाकडे फाईल आणि फोन दोन्ही ठेवा. आणि रुग्णालयात कोणाशी बोललात, त्यांचं नाव आणि तारीख फाईलच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहीत जा. दुसऱ्या दिवशी टेबलावर नवा माणूस बसलेला असतो, आणि पहिला प्रश्न हाच येतो, ‘तुम्हाला कोणी सांगितलं जी असं?’